माउंट केलेल्या क्लाउड ड्राइव्हची कॅश: आकडे नंतर, आधी कॅश किती ठिकाणी आहे ते मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. नाशिकला गंगापूर रोडवर तुमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, कामं मुख्यतः लग्नाची. गूगल ड्राइव्हची ५ टीबीची योजना घेतली आहे. दोन विंडोज पीसी आणि एक जुना लिनक्स पीसी, तिन्हींवर आरक्लोनने (क्लाउड स्टोरेज पीसीला जोडणारं सॉफ्टवेअर) तोच ड्राइव्ह माउंट केलेला, म्हणजे पीसीतल्या डिस्कसारखा दिसेल असा जोडलेला. इंटरनेट डाउनलोडला १०० एमबीपीएस, अपलोडला ५०. तक्रारी तीन: एका पीसीवर सेव्ह केलेली अल्बमची पीएसडी (फोटोशॉपची फाइल) दुसऱ्यावर वेळेत दिसत नाही, सी ड्राइव्ह सारखा भरतो, आणि प्रीमिअरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) क्लिप अडखळते. कोणीतरी दिलेली कमांड तुम्ही जशीच्या तशी तिन्हीकडे टाकली आहे: कॅश (क्लाउडवरच्या फाइलींचा पीसीवरचा तात्पुरता साठा) मोड फुल, कॅशची मर्यादा २०० जीबी, डिरेक्टरी कॅश (फोल्डरच्या याद्यांची) १००० तास. आणि विचारलंय की यात सगळ्यात चांगलं सेटिंग कोणतं. शेवटी दोन जोडप्रश्न आहेत: टॅलीचा डेटाही तिथेच ठेवू का, आणि पुढच्या वर्षी सिंहस्थाची कामं घेतली तर घाटावर लॅपटॉपलाही हाच ड्राइव्ह लावू का.

मी सातपूर-अंबडची वर्कशॉप, शरणपूर रोडची सीए ऑफिसं आणि तुमच्यासारखे बरेच स्टुडिओ यांची स्टोरेजची कामं बघतो. तुमच्या तीन तक्रारी एकाच कमांडमुळे आल्यासारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातली एक तर कुठलाही आकडा बदलून सुटणार नाही.

ती कमांड वाईट नाही, ती दुसऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे. घरी सिनेमे-मालिका साठवून टीव्हीवर बघणारी मंडळी अशी सेटिंग वापरतात. त्यांच्याकडे फाइल एकदा वर चढली की पुन्हा बदलत नाही, नुसती वाचली जाते. तुमच्याकडे सकाळी उघडलेली पीएसडी संध्याकाळपर्यंत चाळीसदा सेव्ह होते आणि मधेच दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला हवी असते. त्यांना कॅश वेगासाठी हवी असते. तुमच्यासाठी मुख्य प्रश्न असा की एखाद्या क्षणी फाइलची ताजी प्रत नेमकी कुठे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगतो. मी गूगल ड्राइव्ह धरून लिहितोय. तुम्ही उद्या ॲमेझॉनच्या एस३ पद्धतीच्या स्टोरेजवर गेलात तर फोल्डरच्या यादीबद्दलचं उत्तर उलटं होईल. दोन पीसी एकाच खोलीत, एकाच स्विचवर आहेत असं धरलंय; ते दोन शाखांत असते तर मी वेगळा सल्ला दिला असता. आणि फक्त दोन विंडोज पीसी असते, लिनक्सचा पीसी नसता, तर गूगलचंच डेस्कटॉपचं ॲप स्ट्रीम पद्धतीने लावा म्हटलं असतं. त्यातही कॅश असते, तिचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवता येतं आणि काम शिकवायला सोपं. पण तुमच्याकडे लिनक्सचा पीसी आहे, आणि उत्तराची किल्ली तिथेच आहे.

आधी "फाइल दिसत नाही" हे घेऊ. माउंटमध्ये कॅशचे तीन वेगळे भाग असतात. एक फोल्डरच्या यादीचा, एक वाचलेल्या मजकुराचा, एक लिहिलेल्या पण अजून वर न गेलेल्या मजकुराचा. लोक यादीच्या कॅशवर संशय घेतात, कारण १००० तास हा आकडा डोळ्यात भरतो. पण गूगल ड्राइव्हवर आरक्लोन दर मिनिटाला गूगलला विचारतं की काय बदललं, आणि बदललेल्या फोल्डरची जुनी यादी टाकून देतं. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सलाही ही सोय आहे. त्यामुळे डिर-कॅश-टाइम (यादी किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) मोठा ठेवला तरी इथे बिघडत नाही, फक्त पोल-इंटरव्हल (किती वेळाने विचारायचं तो आकडा) त्याहून लहान हवा. एस३ किंवा एसएफटीपीवर (सर्व्हरशी फाइलींची देवाणघेवाण करायची पद्धत) असं विचारता येत नाही. तिथे १००० तास ठेवले तर दुसऱ्याने टाकलेली फाइल तुम्हाला महिनाभर दिसणार नाही. तिथे मूळचे (काही न सांगितल्यास असणारे) ५ मिनिटं राहू द्यावेत.

मग तुमची पीएसडी कुठे अडकते? हिशेब करू. फाइल १ जीबीची धरा. पहिल्या पीसीवर सेव्ह झाली की आरक्लोन ती आधी स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं. फाइल बंद झाल्यावर राइट-बॅकचे ५ सेकंद थांबतं, हा मूळचा आकडा आहे. मग अपलोड. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, म्हणजे १ जीबीला १६० सेकंद. नंतर दुसऱ्या पीसीचं दर मिनिटाचं विचारणं, म्हणजे जास्तीत जास्त आणखी ६० सेकंद. बेरीज पावणेचार मिनिटं, तीसुद्धा लाइन पूर्ण मोकळी असली तर. एकाच वेळी चार फाइल वर जात असतील तर तीच लाइन चौघांत वाटली जाते. शिवाय एक्सप्लोररची खिडकी आधीपासून उघडी असेल तर एकदा एफ५ दाबावं लागतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आरक्लोनला गूगल ड्राइव्हवर फाइलचा बदललेला तुकडा तेवढाच पाठवता येत नाही, पूर्ण फाइल पुन्हा जाते. अपलोड चालू असताना डिझायनरने परत सेव्ह केलं तर चालू अपलोड रद्द होऊन पहिल्यापासून सुरू होतं. १६० सेकंद लागणारी फाइल जो माणूस दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबतो, त्याची फाइल जेवणाची सुट्टी होईपर्यंत वर जातच नाही. दुसऱ्या टेबलावरचा माणूस तोवर सकाळची प्रत उघडून बसलेला असतो, कधीकधी त्यात कामही करतो. मग शेवटी ज्याची प्रत नंतर चढेल ती राहते. एका पीसीवर उघडलेल्या फाइलचं कुलूप दुसऱ्या पीसीच्या माउंटला दिसत नाही, हे लक्षात ठेवा. ऑफिसातल्या शेअर फोल्डरवर जशी "फाइल वापरात आहे" अशी सूचना येते, तशी इथे येत नाही.

म्हणून मी म्हटलं की आकड्यांनी हे सुटणार नाही. तुमच्याकडे तीन पीसींवर तीन कॅश आहेत, तिन्ही एकमेकींना ओळखत नाहीत, आणि त्यांच्यात निरोप पोचवणारी एकमेव वाट गूगलच्या सर्व्हरवरून जाते. दोन टेबलांमधलं अंतर सहा फूट, आणि फाइल समुद्रापार जाऊन येते.

उपाय: माउंट एकाच ठिकाणी करा, लिनक्सच्या पीसीवर. तिथून सांबाने (लिनक्सचं फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) ते फोल्डर नेटवर्कवर शेअर करा आणि दोन्ही विंडोज पीसींना ते साधं नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडा. आता कॅश एकच राहिली. पहिल्याने सेव्ह केलेली फाइल लिनक्सच्या कॅशमध्ये पडली की त्याच क्षणी दुसऱ्याला दिसते, वर जायची वाट बघायची गरज नाही. सांबा दोघांच्या मधे बसलेला असल्यामुळे एकाने फाइल उघडी धरली असेल तर दुसऱ्याला तेही कळतं. गिगाबिट स्विच आणि केबल असेल तर कॅशमधली १ जीबीची फाइल दहा सेकंदांच्या आसपास उघडते. तीच गूगलकडून पहिल्यांदा आणायला तुमच्या लाइनवर ८० सेकंद लागतात. वायफायवर हे करू नका. पीसी लॅपटॉपसारखे फिरत नाहीत, केबल ओढून घ्या.

लिनक्सवर करताना दोन गोष्टी अडतात. पहिली, माउंट ज्या युजरने केलं त्याच्याशिवाय कोणाला दिसत नाही, त्यामुळे अलाउ-अदर हा पर्याय लागतो आणि फ्यूजच्या (लिनक्समध्ये असं माउंट करून देणारी यंत्रणा) कॉन्फिग फाइलमध्ये युजर-अलाउ-अदर ही ओळ उघडावी लागते. दुसरी जास्त फसवी आहे. वीज गेली, आली, पीसी सुरू झाला, सांबाही सुरू झाला, पण इंटरनेट अजून आलं नाही म्हणून माउंट झालंच नाही. सांबा बिचारा खालचं रिकामं फोल्डर शेअर करत बसतो. विंडोजवर ड्राइव्ह उघडतो, रिकामा दिसतो, कोणीतरी त्यात नवीन फोल्डर करून काम सुरू करतं. मग आरक्लोन फोल्डर रिकामं नाही म्हणून माउंट करायला नकार देतं. यावर तोडगा म्हणजे माउंट नसताना त्या मूळ फोल्डरवर लिहिण्याची परवानगी आरक्लोन चालवणाऱ्या युजरशिवाय कोणालाही ठेवायची नाही. आणि सिस्टीमडीमध्ये (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) सांबाला माउंटनंतरच सुरू व्हायला सांगायचं.

आता मोड. चार आहेत: ऑफ, मिनिमल, राइट्स, फुल. काहीच सांगितलं नाही तर ऑफ असतो, आणि त्यात फाइल एकाच वेळी वाचायला आणि लिहायला उघडता येत नाही, अपलोड फसलं तर पुन्हा प्रयत्नही होत नाही. फोटोशॉप, एक्सेल असली सॉफ्टवेअर त्यावर नीट चालत नाहीत. मिनिमलचा विचार सोडून द्या. राइट्समध्ये लिहिलेलं सगळं आधी डिस्कवर उतरतं आणि अपलोड फसलं तर आरक्लोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, पण नुसतं वाचायला उघडलेलं थेट क्लाउडवरून येतं. फुलमध्ये वाचलेलंही डिस्कवर राहतं. अल्बमच्या कामात तेच तीनशे फोटो आठवडाभर उघडझाप होत असतात, तेव्हा तुम्हाला फुलच हवा. यात तुमची कमांड बरोबर आहे.

"फुल मोडमध्ये अख्खी फाइल उतरल्याशिवाय उघडत नाही" असं कुठे वाचलं असेल तर ते जुनं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून फाइलचा जेवढा भाग वाचला तेवढाच डिस्कवर येतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तुमच्या सध्याच्या विंडोज पीसीवर कॅशच्या फोल्डरमधल्या एखाद्या व्हिडिओवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. साइझ समजा १.८ जीबी दिसेल आणि खाली साइझ ऑन डिस्क फक्त १४० एमबी. मधली भोकं रिकामी आहेत, फाइल तेवढीच उतरली आहे जेवढी तुम्ही टाइमलाइनवर बघितली.

आणि म्हणूनच कॅश कोणत्या डिस्कवर ठेवता याला महत्त्व येतं. स्टुडिओत बाहेरून जोडायची एसएसडी सगळ्यांकडे असते आणि ती मॅकवरही चालावी म्हणून बहुतेक वेळा एक्सफॅटवर फॉरमॅट केलेली असते. एक्सफॅटला अशी भोकं असलेली फाइल ठेवता येत नाही. तिथे कॅश ठेवली तर सगळं भयंकर मंद चालतं आणि दोष इंटरनेटला जातो. लिनक्सच्या पीसीत आतमध्ये १ टीबीची एसएसडी बसवा, ईएक्सटी४ (लिनक्सचं फॉरमॅट) करा, कॅश-डिर हा पर्याय देऊन कॅश तिथेच जाईल असं सांगा.

सी ड्राइव्ह भरण्याचं कारणही इथेच आहे. तुमची सी २५६ जीबीची आणि कॅशला परवानगी २०० जीबीची. विंडोज आणि अडोबीची सॉफ्टवेअर धरून ते गणित बसत नाहीच. त्यात तुम्ही लिहिलंय की माउंट टास्क शेड्युलरमधून सिस्टीम अकाउंटवर सुरू होतं. म्हणजे कॅश तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये नसून विंडोजच्या पोटात सिस्टीम अकाउंटच्या प्रोफाइलमध्ये आहे, म्हणून तुम्हाला ती सापडली नाही. आणि कधीकधी तुम्ही डेस्कटॉपवरची बॅच फाइलही चालवता. ते दुसरं माउंट सुरू होतं. दोन माउंट चुकून एकाच कॅश फोल्डरवर आली तर फाइल खराब होऊ शकतात, आरक्लोनचे कागदपत्रही हे स्पष्ट सांगतात. ती बॅच फाइल आजच काढून टाका.

मर्यादेचा आकडा ठरवताना एकूण ५ टीबीकडे बघू नका, हातात असलेल्या कामाकडे बघा. तुम्ही लिहिलंय एका लग्नाचे शंभर-सव्वाशे जीबी होतात आणि तुळशीचं लग्न लागल्यावरच्या हंगामात एका वेळी तीन-चार लग्नं टेबलावर असतात. म्हणजे ५०० जीबी कॅश पुरेशी. मॅक्स-एज मूळचा १ तास असतो, म्हणजे तासभर हात न लावलेली फाइल कॅशमधून जाते. तुमच्यासाठी तो निरुपयोगी. ३० दिवस करा. जागा संपत आली की सर्वांत जास्त दिवस न वापरलेलं आधी निघतं, त्यामुळे खरा पहारा आकाराचा असतो, वयाचा नाही.

पण मॅक्स-साइझ ही पक्की भिंत नाही. तपासणी मिनिटाला एकदा होते, उघडी फाइल काढली जात नाही आणि अजून वर न गेलेली फाइल तर मुळीच काढली जात नाही. तुम्ही १२८ जीबीचं कार्ड थेट माउंटवर ओतलं तर ते सगळं आधी कॅशमध्ये साठतं, मग सावकाश वर जातं. तुमच्या लाइनवर तासाला साडेबावीस जीबी जातात, म्हणजे एका कार्डाला पावणेसहा तास. तीन लग्नांची कार्डं एकदम ओतली की मर्यादा कितीही लिहा, २५६ जीबीची डिस्क भरणार. म्हणून मिन-फ्री-स्पेस (डिस्कवर मोकळी सोडायची जागा) १०० जीबी ठेवा आणि कार्ड माउंटवर कधीच ओतू नका. कार्ड आधी लोकल डिस्कवर उतरवा, तिथून आरक्लोन कॉपीने वर पाठवा, मग आरक्लोन चेकने दोन्हीकडे जुळतंय का बघा आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा. माउंटला हे काही मिनिटांत कळेल आणि फोल्डर दिसू लागेल. जाता जाता, गूगलची दिवसाला ७५० जीबी अपलोडची मर्यादा आहे म्हणून काहीजण घाबरतात. तुमची लाइन चोवीस तास धावली तरी ५४० जीबीच जातात. काळजी नको.

वर न गेलेल्या कामाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण खरं नुकसान इथेच होतं. फाइल सेव्ह झाली, खिडकी बंद केली, म्हणजे ती पोचली असं नाही. टपालपेटीत टाकलेलं पत्र आपल्या हातून गेलेलं असतं, पोचलेलं नसतं, तसं हे आहे. वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. कॅश डिस्कवर आहे आणि आरक्लोन पुन्हा त्याच पर्यायांसह, त्याच कॅश फोल्डरवर सुरू झालं की राहिलेलं अपलोड आपोआप पूर्ण करतं. धोका जागा भरली म्हणून कॅशचं फोल्डरच उडवणाऱ्या माणसाचा. कॅश म्हणजे फेकायचा कचरा, अशी ब्राउझरमुळे सवय लागलेली असते. इथे त्या फोल्डरमध्ये तुमच्या कामाची एकुलती एक प्रत असू शकते.

उडवण्याआधी बघायचं कसं? कॅश फोल्डरच्या आत व्हीएफएस आणि व्हीएफएस-मेटा अशी दोन फोल्डरं असतात. पहिल्यात खऱ्या फाइल, दुसऱ्यात प्रत्येक फाइलसाठी त्याच नावाची छोटी मजकुराची नोंद. ती नोटपॅडमध्ये उघडली तर आत डर्टी असं लिहिलेलं दिसेल. पुढे ट्रू असेल तर ती फाइल अजून वर गेलेली नाही. रोजच्यासाठी याहून सोपी गोष्ट लॉगमध्ये आहे. लॉग इन्फो पातळीवर ठेवला की आरक्लोन मिनिटाला एक ओळ टाकतं, तिच्यात किती फाइल वापरात, किती अपलोड व्हायच्या, किती होत आहेत आणि कॅश किती भरली हे आकडे असतात. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी "टू अपलोड ०, अपलोडिंग ०" दिसलं पाहिजे. लिनक्सचा पीसी तसाही रात्रभर चालू ठेवा आणि त्याला चांगला यूपीएस लावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा डोळा मारते ते तुम्हाला माहीत आहे.

एकच कॅश झाली की राइट-बॅकचा वेळ वाढवायला तुम्ही मोकळे होता. दुसऱ्या टेबलाला आता अपलोडची वाट बघायची नाही, त्यामुळे ५ सेकंदांऐवजी ५ मिनिटं ठेवा. दर सेव्हला १ जीबी वर पाठवायला सुरुवात करून मधेच रद्द करायचं, हा उद्योग बराच कमी होईल. याहून जास्त वाढवणं मला पटत नाही, कारण तेवढा वेळ काम एकाच एसएसडीवर असतं. तीन मशीनची मांडणी तशीच ठेवणार असाल तर मात्र ५ सेकंदच बरे.

प्रीमिअर. चांगल्या कॅमेऱ्याची ४के क्लिप १०० एमबीपीएसची असते. तुमची पूर्ण लाइनही तेवढीच. दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन त्यातून पहिल्यांदा वाहणारच नाही, कॅशचं कुठलंही सेटिंग लावा. कॅश दुसऱ्यांदा बघताना कामाला येते. रीड-अहेड (पुढचा भाग आधीच वाचून ठेवणं) २५६ एमबी ठेवलं तर एकच क्लिप सलग बघताना थोडं सुसह्य होतं. बफर-साइझ वाढवू नका. तो प्रत्येक उघड्या फाइलमागे मेमरी खातो आणि फुल मोडमध्ये त्याचं काम रीड-अहेड करतं. चालू एडिटचे क्लिप एडिटिंगच्या पीसीवरच ठेवा किंवा प्रॉक्सी (हलक्या प्रती) करून घ्या, प्रीमिअरची मीडिया कॅशही लोकल एसएसडीवर ठेवा. माउंट जुनी कामं काढायला आणि झालेलं पाठवायला. "मागच्या वर्षीच्या हळदीचा तो शॉट द्या" असं गिऱ्हाईक म्हणालं की याचा उपयोग कळतो.

थोडक्यात, लिनक्सच्या पीसीवर: मोड फुल, मॅक्स-साइझ ५०० जीबी, मिन-फ्री-स्पेस १०० जीबी, मॅक्स-एज ३० दिवस, राइट-बॅक ५ मिनिटं, रीड-अहेड २५६ एमबी, डिर-कॅश-टाइम ७२ तास, बाकी सगळं मूळचं. विंडोजवर आरक्लोनचं माउंट नाही. सध्याची विंडोजवरची माउंट काढताना आधी वर सांगितलेला डर्टीचा तपास करा, मग कॅश उडवा.

कमांडबाहेरची एक गोष्ट राहिली. गूगलशी बोलताना आरक्लोनची सर्वांसाठी असलेली सामाईक आयडी वापरू नका. गर्दीच्या वेळी ती तुंबते आणि तीन हजार रॉ फोटोंचं फोल्डर उघडलं की थंबनेल एकेक करून येतात. स्वतःची क्लायंट आयडी गूगलच्या क्लाउड कन्सोलमधून फुकट करता येते. ती केल्यावर ॲप टेस्टिंग अवस्थेत सोडू नका, नाहीतर दर सात दिवसांनी परवानगी संपते आणि नेमकी रविवारी.

टॅलीचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. टॅली एकाच वेळी बऱ्याच फाइल उघड्या ठेवून त्यात बारीक बारीक लिहीत असतं. त्या फाइल वेगवेगळ्या वेळी वर जातात, त्यामुळे क्लाउडवर एका क्षणी अर्धा जुना आणि अर्धा नवा डेटा असू शकतो. डेटा लोकल डिस्कवर, टॅलीचा बॅकअप रोज ड्राइव्हवर. लाइटरूमच्या कॅटलॉगलाही (फोटोंच्या नोंदींची फाइल) हाच नियम, फोटो माउंटवर असले तर चालतात, कॅटलॉग नाही.

सिंहस्थासाठी घाटावरच्या लॅपटॉपला माउंट लावू नका. २०२७ मध्ये पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या गर्दीत मोबाइल नेटवर्कवर भिस्त ठेवून कॅश भरत बसणं म्हणजे दिवसभराचं काम एका लॅपटॉपच्या डिस्कवर आणि वर जाण्याच्या रांगेत. तिथे कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन डिस्क दोन माणसांकडे द्या. रात्री स्टुडिओत आल्यावर आरक्लोन कॉपी लावा आणि बीडब्ल्यू-लिमिटला (अपलोडच्या वेगाची मर्यादा) वेळापत्रक द्या: सकाळी ८ पासून २ एमबी, रात्री ११ नंतर मर्यादा नाही. तिथला आकडा सेकंदाला बाइट्सचा असतो, बिट्सचा नाही. ५० ची लाइन आहे म्हणून ५० एमबी लिहिलं तर मर्यादा घातलीच नाही असं होईल.